वाढत्या अंगाचं ओलेतं

बेलव्ह्यू, १६ नोव्हेंबर

चि. चंद्रशेखर,

आशीर्वाद देतो आहे, पण आज जरा हात आखडता घेऊन. कारण तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे.

दिवाळीच्या फराळाचा डबा तू परत पाठवलास. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. रागावलेल्या धाकट्या भावाने थोरल्याचा फराळ परत करणं शिष्टसंमत आहे. पण डबा उघडून बघतो तर चकल्या, शंकरपाळे, अनारसे सगळे जागच्या जागी आणि चिवड्याची पिशवी गायब! हा कुठला बहिष्कार? बहिष्कार समग्र असावा लागतो, चंदू. निम्म्या बहिष्काराला आपल्यात भूक म्हणतात.

वीणा म्हणाली, "अहो, भावजींनी चिवडा ठेवून घेतला म्हणजे राग निवळतोय."

"राग नाही निवळत. त्याला तळलेलं खोबरं आवडतं."

"मग तसं. काहीतरी तरी आवडतंय ना आपल्या घरचं?"

तुझी वहिनी अशी आहे. वादात मला जिंकू देते आणि शेवटचं वाक्य स्वतःकडे ठेवते.

तुला फोन केला की एका रिंगनंतर एक बाई निरोप ठेवायला सांगते. सात-आठ महिन्यांत तिची माझी चांगली ओळख झाली आहे. ईमेल कुठल्या अंधारकोठडीत जातात ते तुलाच ठाऊक. पण चिवडा गेला त्याअर्थी डबा उघडला गेला, आणि टेक्ससातल्या फ्रिस्कोच्या तुझ्या घरात पार्सल तुझ्याशिवाय कुणी उघडत नाही, बायकोला, रेखालाही तू उघडू देत नाहीस. म्हणजे पोस्टानं आलेलं तू उघडतोस. पाठशाळेत अनुमानाचा धडा घोटून घेतला होता, तो पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा उपयोगी पडला. म्हणून हे पत्र.

आता एक शास्त्रीय प्रश्न. टेक्ससमधल्या इमारती थंड ठेवण्यात तुझं आयुष्य गेलं. उष्णता कुठून निघते आणि कुठे जाते हे आपल्या खानदानात फक्त तुला कळतं. तर समज, एक व्यक्ती आहे. व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यावरून भलते निष्कर्ष काढू नकोस. ही व्यक्ती वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर बोर्ड घेऊन समुद्रात उतरते आणि लाटांवर उभी राहते. निदान प्रयत्न करते. पाणी बावन्न अंश. फॅरनहाइट, सेल्सिअस असतं तर मी हा प्रश्न आचाऱ्याला विचारला असता. म्हणजे तुझे अकरा. फेब्रुवारीपर्यंत ते आठावर येईल. व्यक्तीकडे जो वेटसूट आहे तो तीन मिलिमीटरचा, कुणीतरी वापरून सोडलेला, गुडघ्यावर उसवलेला. तिला कितीचा लागेल?

बाकी तुझी लेक ठीक आहे. तू विचारलंस म्हणून लिहीत नाही. तू विचारलेलं नाहीस. मार्चमध्ये आन्यानं इथली नोकरी सोडली तेव्हा तू फोनवर म्हणालास, "दादा, ती तुझ्या घरात राहत होती." त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही, आणि तिनंही. ती हल्ली वेस्टपोर्टला असते, इथून अडीच तासांवर. सकाळी एका कॉफीच्या दुकानात काम करते. दुपारची मोकळी असते. समुद्राकाठची हवा चांगली असते म्हणतात.

उत्तर नाही आलं तरी चालेल. चालणार नाही, पण लिहायची पद्धत आहे.

तुझा
त्र्यंबकदादा


बेलव्ह्यू, ९ डिसेंबर

चि. चंदू,

तुझं उत्तर पोचलं. मायना नाही, सही नाही, कंपनीच्या कागदाची फाडलेली अर्धी पट्टी. त्यावर इंग्रजीत, जाडी मिलिमीटरमध्ये: फाइव्ह-फोर. हुड जोडलेला. ग्लव्हज फाइव्ह. बूट्स सेव्हन. शिवणी सील्ड. माणूस भावाला लिहितोय की दुकानाला मालाची ऑर्डर देतोय, कळायला मार्ग नाही. तरी मी ती पट्टी वीणाला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बघा, हात-पाय-डोकं सगळं झाकलंय भावजींनी."

आणि अगदी खाली, तुझ्या त्या मुंग्या चालल्यासारख्या मराठी अक्षरात: "एक नंबर मोठा घे. वाढतं अंग आहे."

चंदू, व्यक्तीचं अंग वाढतं आहे हे तुला कसं कळलं? मी तर लिंगापलीकडे काही सांगितलं नव्हतं. चोवीस पूर्ण झालेली व्यक्ती आहे ती. उंची दहावीतच थांबली तिची. पण आपल्या घरात मापाचा कपडा कुणाला मिळालाय? तुझ्या मुंजीत शिवलेला कोट तू बारावीच्या निरोपसमारंभाला घातला होतास, आणि तेव्हा कुठे तो तुला नीट बसला. तेव्हा तुझी आज्ञा प्रमाण मानून मी सहाऐवजी आठ नंबर घेतला; बायकांच्या मापात सहानंतर सात नसतो.

या निमित्तानं मला एक ज्ञान झालं. मी समजत होतो की वेटसूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा रबरी रेनकोट. तसं नाही. पाणी आत येतं. यायचंच असतं. अंग आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उबेनं तापतो, आणि मग तोच माणसाला सांभाळतो. म्हणजे हे चक्क ओलेतं! आपले अण्णा श्रावणात विहिरीवर आंघोळ करून ओलेत्यानं देवघरापर्यंत यायचे, दात वाजत असायचे आणि मंत्र मात्र स्पष्ट. त्यांना कुणी फाइव्ह-फोर घेऊन दिला असता तर पूजा दुप्पट चालली असती.

माप कसं आहे ते बघावं म्हणून मी तो स्वतः चढवायचा प्रयत्न केला, बाथरूममध्ये, दार लावून. गुडघ्यांपर्यंत गेलो. पुढे प्रकरण वरही जाईना आणि खालीही येईना. वीणाला हाक मारावी लागली. तिनं दारातून बघितलं, मोबाईल आणायला गेली, फोटो काढला आणि मग सोडवलं. क्रम लक्षात घे.

शनिवारी सूट घेऊन वेस्टपोर्टला गेलो. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण पट्टी खिशात होती. आन्यानं ती घेतली. रविवारच्या मराठी शाळेची कृपा, अक्षर लावत लावत वाचली. "वा-ढ-तं. वाढतं अंग. मीन्स व्हॉट, काका? अजून ग्रो होतेय?"

"हो. लहान मुलांना कपडे घेताना म्हणतात."

"ओह," म्हणाली. मग पट्टी घडी करून फोनच्या कव्हरमध्ये ठेवली. मी परत मागितली नाही.

सूट तिला छान झाला. जरा ऐसपैस आहे, इतकंच.

दादा


बेलव्ह्यू, १३ जानेवारी

चि. चंदू,

सोबत तिळाच्या वड्या आहेत. या वेळी परत करायच्या तर सगळ्या कर, नाहीतर सगळ्या ठेव.

एक शब्द मागे घ्यायचा आहे. गेल्या पत्रात मी सूट "ऐसपैस" आहे असं लिहिलं. ऐसपैस घर असावं, ओसरी असावी, स्वभाव असावा. वेटसूट नसावा. तुला हे मी समजावायचं म्हणजे मला लाज वाटते, पण तुझ्याच भाषेत सांगतो: तू एसी लावलास आणि खिडकी उघडी ठेवलीस तर काय होईल? सूट सैल असला की प्रत्येक लाटेला गळ्यातून, मनगटातून नवं पाणी आत घुसतं आणि अंगानं तापवलेलं बाहेर जातं. पुन्हा तापव, पुन्हा जातं. फाइव्ह-फोर असो की टेन-एट, ऊब टिकतच नाही. जाडी तू बरोबर सांगितलीस. नंबर सोडून सगळं बरोबर सांगितलंस.

हे आन्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला नाताळाच्या सुमारास कळलं. वाळूवर उभे होतो, ती सूट चढवत होती, पाठीवर एवढी मोठी घडी. मी विचारलं, "ही घडी अशीच असते का गं?"

"नो काका. ही घडी नसते." हसायला लागली. "हा सूट नाहीये, टू-पर्सन टेंट आहे."

"मग बदलून आणू की!"

"नको."

"अगं, आठवाचा सहा. दुकानवाले बदलून देतात."

"काका, नको म्हटलं ना. बाबांनी सांगितलेला आहे हा."

"बाबांनी चुकीचा सांगितला."

तिनं मेणाची वडी काढली. मग बोर्डाला मेण घासता घासता म्हणाली, "ही थिंक्स आय ॲम स्टिल ग्रोइंग, काका. यू नो, वर्षभरात माझ्याबद्दल तो एवढंच बोललाय. लेट हिम थिंक इट."

मी तरीही सहा नंबर घेऊन आलो. गाडीच्या मागच्या सीटवर पडला आहे, टॅगसकट. दर शनिवारी नेतो, दर शनिवारी आणतो. वीणा म्हणते, त्याला आता सीटबेल्ट लावा.

आम्हाला व्याकरण शिकवताना गुरुजी सांगायचे, क्रियेचं फळ स्वतःकडे येत असेल तर आत्मनेपद, दुसऱ्याकडे जात असेल तर परस्मैपद. तुझी लेक लाटांवर जाते ते आत्मनेपदी आहे; त्यात तुझाही काही संबंध नाही आणि माझाही नाही. नोकरी सोडली तीही तशीच. पण सूट ती परस्मैपदी घालते. तुझ्यासाठी. हे रूप चुकीचं आहे आणि ते फक्त तू सुधारू शकतोस. फोन कर असं मी म्हणत नाही. अजून एक पट्टी फाड आणि लिही: "सहा नंबर घाल." तुझं नाव नको, आशीर्वाद नको. चार शब्दसुद्धा नाहीत.

मधे तिला जरा सर्दी झाली होती. बरी आहे आता.

समुद्रात सरकारचा एक बोया तरंगत असतो, तो तासातासाला पाण्याचं तापमान कळवतो. ऑफिसातली माणसं मीटिंगमध्ये टेबलाखाली शेअरचे भाव बघतात, मी बोया बघतो. काल आठ पॉइंट सहा. परवा नऊ होतं. मला आता कुठे एका जागी बसवतच नाही. स्वयंपाकघरात जातो, का गेलो ते विसरतो, परत येतो, बोया बघतो. मॅनेजर म्हणाला, "त्र्यंबक, काही अर्जंट आहे का?" मी म्हटलं, "पॉइंट चारनं उतरलंय." तो बिचारा माझ्या आधी हळहळला.

वड्यांत वेलदोडा जास्त झालाय.

दादा


बेलव्ह्यू, ६ फेब्रुवारी

चंदू,

तुझी ओळ मिळाली. "दादा, नाटक पुरे. सूट होत नसेल तर ती स्वतः सांगेल. आमच्यात समेट घडवायला नवे डाव टाकू नकोस."

तुझी चूक नाही. मी इतकी वर्षं सगळं चेष्टेतच सांगत आलो. आता खरं सांगायची वेळ आली तर माझ्याच अक्षरावर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून आज साधं लिहितो. सवयीनं एखादा विनोद आलाच तर तो खोडलेला समज.

सर्दी नव्हती.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी मी वेस्टपोर्टला होतो. आन्या पाण्यात होती, मी थर्मास घेऊन किनाऱ्यावर. बाकीचे तिघे-चौघे बाहेर आले, ही आली नाही. मी हात हलवत राहिलो. शेवटी आली, पण चाल बरोबर नव्हती. झिंगल्यासारखी. बोर्ड वाळूत ओढत होती, तो सुटला, तिनं मागे वळून बघितलंही नाही. तिचे कपाळ, गाल, ओठ सगळे एका रंगाचे. पाठीवरच्या झिपची दोरी ती शोधत होती आणि दोरी तिच्या हाताला लागत होती तरी बोटं मिटत नव्हती. मी जवळ जाऊन गळ्यापाशी सूट ओढला. आतून तांब्याभर पाणी सांडलं माझ्या बुटांवर. बर्फासारखं. ते पाणी तिच्या अंगाला लागून होतं, चंदू, आणि त्यात ऊब अशी नव्हतीच.

तिला गाडीत बसवलं, हीटर लावला, पांघरुणात गुंडाळलं. ती कुडकुडत नव्हती. मला वाटलं बरंच झालं. नंतर इस्पितळात सांगितलं की कुडकुडणं थांबतं तेव्हाच घाबरायचं असतं.

मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि बोलली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. आपल्या मुली एरवी आपल्याशी किती इंग्रजीत बोलतात ते तुला माहीत आहे. हे सगळं मराठीत होतं. "बाबा, मी चाललेय ना ऑफिसला. लॅपटॉप घेतलाय. तू चिडू नकोस."

दोनदा म्हणाली.

मी "नाही चिडलो" असं उत्तर दिलं. तुझ्या वतीनं बोलायचा मला काही अधिकार नव्हता, पण ती वाट बघत होती.

दुपारपर्यंत तिला बरं वाटलं. इस्पितळातून संध्याकाळी सोडलं. गाडीत काय बोलली ते तिला आठवत नाही आणि मी सांगितलेलं नाही. तिनं मला शपथ घातली की आईला कळवायचं नाही. रेखा पुण्याला आईच्या आजारपणात गुंतलेली, तिकडे बसून ती काय करणार, असंही म्हणाली. तुझ्याबद्दल शपथ घातली नाही. तुझं नावच निघालं नाही. ही फट मी वापरतो आहे.

त्यानंतर ती पुन्हा पाण्यात गेली आहे. त्याच सूटमध्ये. "त्या दिवशी जरा जास्त वेळ राहिले, दॅट्स ऑल," म्हणते. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. ती ऐकून घेते आणि मग सूट घालते. वीणानं जवळ बसवून, रडून सांगितलं. तिलाही हो म्हणाली आणि गेली. हट्ट कुणाचा आहे ते मी लिहीत नाही.

मी तो आठ नंबर उचलून आणावा, लपवावा, कापावा, हेही मनात आलं. पण मग ती पुन्हा तो उसवलेला तीन मिलिमीटरचा घालेल. तिला पाण्यापासून लांब ठेवणं माझ्या हातात नाही. तुझ्याही नाही. आणि नीट बसणाऱ्या सूटमध्ये ती तिथे सुरक्षित राहील, हेही मी आता इतके शनिवार बघून सांगतो. चांगली उभी राहते ती. एकदा लाट थेट वाळूपर्यंत घेऊन आली आणि लहानपणी अंगणात सायकल शिकली तेव्हा ओरडली होती तशी ओरडली. तू ते बघायला हवं होतंस.

रविवारी मोठ्या लाटा येणार आहेत. आठवडाभर तिकडची पोरं तेच बोलताहेत. पाणी आठाच्या खाली गेलंय. ती जाणार आहे. हे पत्र मी उद्या पोचेल अशा कुरियरनं पाठवतो आहे, म्हणजे तुझ्या हातात शुक्रवारी दुपारी असेल.

माझ्यामार्फत काही पाठवू नकोस. मला उत्तर देऊ नकोस. नंबर तिचा तोच आहे. तिला फोन कर. नोकरीचं काही बोलू नकोस, राग गेला असंही खोटं सांगू नकोस. माझ्याशी भांडण तसंच ठेव. मला त्याचं काही वाटत नाही, आणि वाटलं तरी ते थांबू शकतं. फक्त सांग की तू चुकलास, ती आता वाढत नाही, तिनं तिच्या मापाचा घालावा.

इतके महिने मी तुला तापमानं लिहीत होतो, कारण आकडा लिहिला की दुसरं काही लिहावं लागत नाही. मला भीती वाटते, चंदू. सकाळी उठल्यावर पहिली तीच वाटते. मला भीती वाटते की आन्या त्या पाण्यात मरेल, तू सांगितलेला आणि मी नेऊन दिलेला सूट घालून, आणि तोवर तू तिच्याशी बोललेला नसशील.

त्र्यंबक